कुमार वाचक आणि त्यांचा ग्रंथपाल

बेळगावच्या दक्षिणेस सुमारे पंचवीस किलोमीटरवर मलप्रभेच्या काठी खानापूर हे तालुक्याचे गाव वसलेले आहे. कौले आणि मातीची भांडी यांसाठी ते पूर्वापार ओळखले जाते. तालुक्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या दाट रानाने व्यापलेला असून जांबोटी, कणकुंबी, हेम्माडगा या बाजूच्या वाड्यावस्त्या एकमेकींपासून दूरदूर आहेत. माध्यमिक शिक्षणासाठी या भागातील अनेक मुलामुलींना बसने ये-जा करावी लागते. शाळा सुटल्यापासून परतीची बस मिळेपर्यंत जो अवधी हाती उरतो, तो बसस्थानकावर जावा की ग्रंथालयात, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटेल. तथापि कुमारवयीन वाचकांची सेवा करणाऱ्या ग्रंथपालाचे सारे काम याच अवधीशी निगडित आहे. त्याच वेळी ग्रंथालय बंद असेल, तर कपाटातील उत्तमोत्तम पुस्तकेही या वाचकाच्या दृष्टीने नसल्यासारखीच होत.

सार्वजनिक ग्रंथालयात बालविभाग असावा, ही कल्पना आता रूढ झाली आहे. परंतु बारा-तेरा वर्षांचा मुलगा बालविभागातील चित्रमय पुस्तकांना कंटाळतो आणि प्रौढ विभागात गेल्यास त्याच्याकडे संशयाने पाहिले जाते. या दोहोंच्या मध्ये जो वाचक गळतो, तो बहुधा पुन्हा ग्रंथालयाची पायरी चढत नाही. परदेशात ही उणीव बरीच आधी ओळखली गेली. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने १९०६ मध्ये बालविभागाची धुरा ॲन कॅरोल मूर यांच्याकडे सोपविली आणि त्यानंतर दीड दशकाच्या आतच कुमार वाचकांच्या कामासाठी मेबल विल्यम्स यांना घेतले. आपल्याकडे डॉ. शियाली रामामृत रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. प्रत्येक वाचकास त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे, हे त्यांपैकी एक. या सूत्राची खरी कसोटी कुमारवयीन वाचकापाशीच लागते, कारण आपले पुस्तक कोणते हे त्याचे त्यालाच ठाऊक नसते.

खानापूरच्या परिसरात ग्रंथालयांच्या दोन परंपरा शेजारी शेजारी नांदताना दिसतात. लोकांनी संस्था स्थापून चालविलेली वाचनालये ही पहिली परंपरा असून बेळगावचे १८४८ मधील सार्वजनिक वाचनालय हे तिचे जुने उदाहरण होय. महाराष्ट्रात १९६७ च्या अधिनियमाने अशाच संस्थांना अनुदान देण्याचा मार्ग स्वीकारला. दुसरी परंपरा शासकीय ग्रंथालयांची. तत्कालीन म्हैसूर राज्याने १९६५ मध्ये अधिनियम करून ग्रंथालय उपकर बसविला आणि ग्रंथालये शासनाच्या कक्षेत आणली. पुढे २०१९ मध्ये कर्नाटकातील ग्रामपंचायत ग्रंथालये ग्रामविकास व पंचायतराज विभागाकडे सोपविण्यात आली. २०२० मध्ये ‘ओदुव बेळकु’, म्हणजे वाचनाचा प्रकाश, हा उपक्रम सुरू झाला आणि सहा ते अठरा वर्षे वयाच्या मुलांना या ग्रंथालयांचे सदस्यत्व विनामूल्य देण्यात आले. वर्गणी व अनामत यांचा अडसर दूर झाला, ही मोठीच गोष्ट म्हटली पाहिजे. मात्र नाव नोंदविलेला मुलगा आणि वाचणारा मुलगा यांत अंतर असते. ते अंतर तोडण्याचे काम दीर्घकाळ केवळ मानधनावर राबलेल्या, बहुधा एकट्याच असलेल्या ग्रामीण ग्रंथपालावर येऊन पडते.

हे काम कसे चालते? कुमार वाचक क्वचितच पुस्तकाचे नाव घेऊन येतो. तो दारापाशी घुटमळतो, वर्तमानपत्र चाळतो आणि ‘काही चांगले आहे का?’ असे विचारतो. अशा वेळी हाती येईल ते थोर पुरुषाचे चरित्र पुढे करण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. ती सोडलेली बरी. त्याऐवजी यापूर्वी काय आवडले, रानात काय पाहिले, घरी काय काम करतोस, अशा दोन-चार साध्या प्रश्नांतून त्याचा कल काढावा लागतो. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने एकेकाळी रंगून गेलेल्या मुलास व्यंकटेश माडगूळकरांचे ‘सत्तांतर’ द्यावे. त्यातील वानरांच्या टोळ्या जंगलाकाठी वाढलेल्या वाचकास परक्या वाटत नाहीत. तेथून मारुती चितमपल्ली यांच्या अरण्यविषयक लेखनाची वाट जवळच आहे. मुक्तद्वार पद्धती असल्यास मुलगा ही वाट स्वतःच शोधतो. कपाटाला कुलूप असल्यास ती त्याला दाखवावी लागते.

या तालुक्यात भाषेचा प्रश्न विशेष जपून हाताळावा लागतो. येथील मुलाच्या कानावर मराठी, कन्नड, कोकणी आणि उर्दू या भाषा लहानपणापासून पडतात. मराठी शाळेत शिकलेला विद्यार्थी दहावीनंतर विज्ञान वा वाणिज्य शाखेकडे वळला, की त्याचे शिक्षण बहुधा इंग्रजीतून होऊ लागते. त्या दिवसापासून मराठी वाचनास पाठ्यपुस्तकाचा आधार उरत नाही. उरते ते घर आणि ग्रंथालय. सोळाव्या वर्षी सुटलेले वाचन पुढे आपोआप परत येत नाही, हे लक्षात घेता या दोन वर्षांतील प्रत्येक देवघेव मोलाची ठरते. याचा अर्थ कन्नड पुस्तके दूर ठेवावीत असा नव्हे. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतील पुस्तके अनेक भारतीय भाषांत निघतात. त्यांतील एकाच पुस्तकाच्या मराठी व कन्नड प्रती शेजारी ठेवल्यास दुसरी लिपी शिकणाऱ्याचे भय ओसरते. थोड्या मोठ्या वाचकास पूर्णचंद्र तेजस्वी यांची ‘कर्वालो’ ही सह्याद्रीच्या रानात उडणारा सरडा शोधणारी कन्नड कादंबरी खुणावू शकेल. कन्नडमधील मोठे लेखन मराठीत आणणाऱ्या उमा कुलकर्णी यांचा जन्म बेळगावचाच, ही गोष्टही या मुलांना अवश्य सांगावी.

पुस्तकात नसलेले उत्तर तयार करणे, हाही या ग्रंथपालाच्या कामाचाच भाग होय. भीमगड हे या तालुक्यातील वन २०११ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. तेथील बारापेडे गुहांत एक दुर्मीळ वटवाघूळ राहते. शास्त्रात त्याची नोंद १९१३ मध्ये रॉटन यांच्या नावाने झाली. विद्यार्थ्याने त्याविषयी विचारले, तर माहिती प्रामुख्याने इंग्रजीत सापडते. ग्रंथपालाने तिचा सोपा मराठी सारांश करून कात्रणवहीत लावला, की पुढील विद्यार्थ्यासही तो उपयोगी पडतो. अशा दहा-वीस पानांची वही कोणत्याही विकत घेतलेल्या ज्ञानकोशाइतकीच आदराने सांभाळावी.

काही प्रश्न मात्र मोठ्याने विचारले जात नाहीत. वयात येताना शरीरात होणारे बदल, परीक्षेतील अपयश, शिक्षण थांबवून लग्न उरकण्याची घरातील घाई यांविषयीची पुस्तके देवघेवीच्या टेबलासमोर मांडली, तर मुली ती उचलणार नाहीत. ती आतील बाजूस, पण हात पोहोचेल अशा फळीवर ठेवावीत. कोणी काय नेले, याची चर्चा गावात होता कामा नये. पालक तक्रार घेऊन आल्यास त्यांचे शांतपणे ऐकून घ्यावे, पुस्तक त्यांच्या हाती द्यावे आणि बसून चाळण्यास सांगावे.

पावसाळ्यात आमगाव, गवाळी यांसारख्या रानातील गावांचा संपर्क ओढ्यानाल्यांच्या पुरामुळे तुटतो. तेथील वाचक ग्रंथालयात येणार नाही, हे गृहीत धरूनच नियोजन करावे लागते. बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांच्या कारकिर्दीत, १९१० मध्ये ग्रंथालय खाते सुरू झाल्यानंतर, पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरत असत. तीच युक्ती येथे आजही लागू पडण्यासारखी आहे. मृग लागण्यापूर्वी शाळेत किंवा एखाद्या जबाबदार घरी पेटी पोचवावी आणि दसऱ्यानंतर परत आणावी. तीत चाळीस-पन्नास पुस्तके, ‘किशोर’ मासिकाचे काही जुने अंक, पुस्तकांना कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि एक कोरी वही असावी. पुढच्या वर्षी कोणती पुस्तके हवीत, हे मुलांनी त्या वहीत लिहावे. परत आलेली पेटी उघडताना ग्रंथपालाने प्रथम ती वही वाचावी आणि नंतर पुस्तके मोजावीत.