हिवतापाच्या जंतूचं लोह तोडताना

थॅलेसेमियाच्या मुलांना वरचेवर रक्त चढवावं लागतं आणि त्यातलं लोह त्यांच्या यकृतात, हृदयात साचत जातं. ते काढण्यासाठी डेफरॉक्सामिन देतात. या औषधाचा रेणू लोहाचा अणू सहा ठिकाणी धरून ठेवतो आणि शरीराबाहेर नेतो. मग हिवतापाच्या जंतूचं लोहही यानेच तोडलं तर?

हा जंतू तांबड्या पेशीत, म्हणजे लोहाच्या कोठारातच राहतो. पण हिमोग्लोबिन पचवल्यावर उरणारं बहुतेक लोह तो स्फटिकांत बंदिस्त करून टाकतो. त्याच्या कामाला येतं ते थोडंसं सुटं लोह. फाल्सिपॅरम जातीचा जंतू सुमारे 48 तासांत एकाचे अनेक होतो. प्रत्येकाला नवा डीएनए हवा, आणि त्याचे घटक घडवणारं एन्झाइम लोहाशिवाय चालत नाही.

या जंतूची माणसाच्या रक्तात सलग पैदास करणं 1976 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ट्रॅगर आणि जेन्सन यांना साधलं. त्यांची रीत अशी: जंतूंच्या बशा काचेच्या बंद भांड्यात ठेवायच्या आणि आत मेणबत्ती पेटवायची. ती विझली की जंतूला मानवेल इतकाच प्राणवायू उरतो. अशा वाढवलेल्या जंतूवर औषधाची चाचणी आज होते 96 खाचांच्या प्लेटमध्ये. खाचेखाचेत संसर्ग झालेलं रक्त आणि औषधाची उतरती मात्रा. शेवटी डीएनएला चिकटून चमकणारा रंग घालतात. माणसाच्या तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, म्हणून जी चमक दिसते ती जंतूचीच. ही युक्ती मला फार सुंदर वाटते.

पण जंतू मेला म्हणजे लोहाअभावीच मेला, असं कसं म्हणायचं? त्यासाठी काही खाचांत आधीच लोह धरलेलं डेफरॉक्सामिन घालतात. मूठ भरलेल्या त्या रेणूने जंतूला काहीच होत नाही. पुरावा म्हणतात तो हा. याच्याच जोडीला माणसाच्या पेशींवरही तीच मात्रा तपासावी लागते, कारण लोह त्यांनाही हवंच असतं.

बशीतलं हे यश रुग्णापर्यंत पोचलं का? मेंदूच्या हिवतापाने बेशुद्ध झालेल्या झांबियातल्या 83 मुलांना क्विनाइनच्या जोडीने एक तर डेफरॉक्सामिन दिलं गेलं किंवा नुसतं औषधासारखं दिसणारं द्रावण. 1992 मध्ये निष्कर्ष आले: डेफरॉक्सामिनवाली मुलं लवकर शुद्धीवर आली होती. आशा वाढली. पुढे 352 मुलांवर मोठी चाचणी झाली. 1998 मध्ये तिचे आकडे छापून आले, आणि मृत्यू कमी झाले नव्हते.