नगरसूलची मीटरगेज संगणकावर आणताना

विंचूरला रेल्वे नाही. जवळचे स्टेशन लासलगाव. तिथली मुंबई-भुसावळ ब्रॉडगेज आजही गजबजलेली आहे, तिची चिंता नको. काळजी वाटते ती येवल्याच्या बाजूच्या नगरसूलवरून जाणाऱ्या निजामाच्या रेल्वेची. मनमाड ते सिकंदराबाद ही मीटरगेज 1900 च्या सुमारास पूर्ण झाली आणि 1990 च्या दशकात तिचा मनमाडकडचा भाग ब्रॉडगेज झाला. एक मीटर अंतराचे रूळ जाऊन 1,676 मिलिमीटरचे आले. प्रवाशांची सोय झाली, ते योग्यच झाले. मात्र जुनी रेल्वे चालायची कशी हे पुढच्या पिढीला दाखवायचे, तर ट्रेन सिम्युलेटरइतके चांगले साधन नाही. फोटोत वायजी हे मीटरगेजचे वाफेचे इंजिन दिसते. चढावर मालगाडी ओढताना त्याची होणारी दमछाक दिसत नाही.

हा खेळच आहे, त्याला इतिहास कसा म्हणायचा, असा आक्षेप येतो. खेळ तर तो आहेच: 2001 च्या मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरसोबत मार्ग रचण्याची साधनेही मिळाली, आणि त्या जातीचे मार्ग आता ओपन रेल्स या मोफत प्रणालीवर चालतात. पण मार्ग रचू लागले की पहिलाच प्रश्न चढाचा येतो, आणि तो फार चिवट आहे. जमिनीची उंची उपग्रह किंवा अंतराळयानाच्या मोजणीतून मिळते. 2000 साली नासाने केलेल्या अशा मोजणीत साधारण 30 मीटरवर एक बिंदू आहे. त्यातून अंकाई-टंकाईचे डोंगर उमटतात. रुळांखालचा अरुंद भराव किंवा खोदलेली खिंड मात्र पुसट होते. रूळ नुसते त्या जमिनीवर टाकले, तर प्रत्यक्षात नसलेले चढउतार तयार होतात आणि गाडी खोटी धावते. खरा चढ सांगतात ते रुळाकाठचे ग्रेडियंट पोस्ट, रेल्वेचे नकाशे आणि कर्मचाऱ्यांचे वर्किंग टाइमटेबल. आजचे उपग्रहचित्रही इथे पुरत नाही, कारण गेज रुंद करताना यार्ड बदलतात आणि वळणेही बदलू शकतात. एका आकड्यासाठी इतके पुरावे ताडून पाहावे लागतात, म्हणून या कामाला मी संशोधन म्हणतो.

याहून गंभीर आक्षेप वेगळा आहे: सिम्युलेटरमध्ये माणसे नसतात. मनमाडला दोन गेज भेटत. एका गेजच्या वाघिणीतले पोते दुसऱ्या गेजच्या वाघिणीत हमालाच्या पाठीवरून जाई. ते कष्ट पडद्यावर येत नाहीत, आणि हा आक्षेप मला मान्य आहे. तरीही माल बदलण्याचा फलाट आणि त्याच्या दोन्ही अंगांचे रूळ अचूक उभे केले, तर ते काम कुठे आणि का करावे लागे, एवढे तरी समजते. खरी अडचण पुराव्याची आहे. वर्किंग टाइमटेबल रद्दीत जाते, आणि सिग्नल कुठे होता हे ठाऊक असलेले ड्रायव्हर, गार्ड, पॉइंट्समन आता म्हातारे झाले आहेत. विंचूर, येवला, मनमाडकडे ज्यांच्या घरात रेल्वेत नोकरी झाली, त्यांनी ट्रंकेतले कागद स्कॅन करून घ्यावेत, फोटोंमागे स्टेशन आणि साल लिहावे, आणि वडीलधाऱ्यांना यार्डाचा नकाशा हाताने काढायला सांगावे.