गुरुजींचं टाचण आणि आपली वही

वर्गावर येताना बाईंच्या किंवा गुरुजींच्या हातात पुस्तक आणि खडूबरोबर आणखी एक वही असते, पाहिलीत कधी? ती टाचणवही. आज कोणत्या तासाला कोणता पाठ, त्यासाठी नकाशा हवा की तक्ता, हे त्यांनी आधीच टिपून ठेवलेलं असतं. मुख्याध्यापक ती तपासून सहीसुद्धा करतात! म्हणजे गृहपाठ काही फक्त तुम्हालाच नसतो.

मग आपलं टाचण आपणच काढलं तर?

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावरची सातवीतली मुलगी डोळ्यांसमोर आणा. पावसाळ्यात इथे दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. पण पाणी डोंगरउतारावरून वाहून जातं आणि एप्रिल-मे महिन्यांत कित्येक पाडे टँकरची वाट पाहत बसतात. तिची सकाळ हंड्याने सुरू होते. घरी मोगरा लावला असेल, तर बाजाराची गाडी चुकू नये म्हणून त्याआधी कळ्या तोडायच्या. मग धाकट्या भावाची तयारी, शाळा, संध्याकाळी सरपण. अभ्यास राहतो आणि वर बोलणी बसतात.

जुन्या वह्यांची कोरी पानं शिवली तरी तिची वही तयार! पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे रात्री झोपण्यापूर्वी उद्याची कामं लिहायची, चारच. उजवीकडे दुसऱ्या दिवशी खरं काय झालं ते. डावीकडे ‘पाणी, अर्धा तास’ आणि उजवीकडे रोज ‘दीड तास’ असं आठ दिवस आलं, की पोर आळशी नाही, वेळ विहिरीवर जातोय, हे घरच्यांनाही दिसेल. थोरल्या भावालाही हंडा उचलता येतो, हे कदाचित त्याच पानावरून सुचेल!

पालकांना एक विनंती. मूल दाखवेल तेव्हाच ही वही पाहा. लाल शाई दिसली की मुलं खरं लिहायचं थांबतात.

अमेरिकेतले बेंजामिन फ्रँकलिन (1706–1790) मूळचे छापखानेवाले. दिवसाचे तास आखून ठेवायचे आणि रोजच्या चुकांच्या खुणा एका छोट्या वहीत करायचे. जुन्या खुणा खरवडून खरवडून कागदाला भोकं पडली! मग त्यांनी हस्तिदंती पानांवर पेन्सिलीने खुणा करून त्या ओल्या स्पंजाने पुसायला सुरुवात केली. म्हणजे आपली पाटीच की! आणि गंमत म्हणजे, टापटीप हाच गुण आपल्याला सगळ्यांत जड गेला, असं त्यांनीच लिहून ठेवलंय.

तेव्हा राहिलेलं काम खोडू नका, बाण काढून उद्यावर ढकला. तिसऱ्यांदा बाण काढावा लागला, तर काम फार मोठं लिहिलंय असं समजा. ‘विज्ञानाचा प्रकल्प’ असं नको. ‘मोह, पळस, साग यांचं एकेक पान वहीत दाबून ठेवणे’ असं लिहा.

एका कामाला मात्र बाण चालणार नाही. दिवाळीनंतर घरचे वीटभट्टीवर जाणार असतील आणि तुम्हीही सोबत असाल, तर निघायच्या आठवडाभर आधीच्या पानावर लिहा: ‘गुरुजींकडून शिक्षण हमी कार्ड घेणे’. ते दाखवून भट्टीजवळच्या शाळेत बसता येतं.