खताच्या पोत्यातली खनिजं

लिथियम, कोबाल्ट, निओडिमियम ही नावं दिसली की आपल्याकडचा वाचक पान उलटतो. हा विषय चीन-अमेरिकेचा, फार तर पुण्याच्या स्कूटर कंपन्यांचा. सोलापूरच्या ऊसवाल्याचा त्यात काय संबंध? सगळ्यांत मोठा गैरसमज हाच, म्हणून सुरुवात त्यापासूनच करू.

केंद्रीय खाण मंत्रालयाने जून २०२३ मध्ये देशासाठी महत्त्वपूर्ण अशा ३० खनिजांची यादी जाहीर केली. त्या यादीत लिथियम-कोबाल्टच्या पंगतीला पोटॅश आणि फॉस्फरसही आहेत. म्हणजे माळशिरस, माढा किंवा पंढरपूर तालुक्यातला शेतकरी उसाच्या सरीत एमओपी (पोटॅशचं खत) आणि डीएपी (फॉस्फेटचं खत) टाकतो, तेव्हा तो याच जागतिक बाजारातला माल वापरत असतो. एमओपीसाठी भारत जवळपास पूर्णपणे आयातीवर अवलंबून आहे. जगातलं दोन तृतीयांशाच्या आसपास पोटॅश कॅनडा, रशिया आणि बेलारूस या तीनच देशांतून निघतं. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध आणि बेलारूसवरचे निर्बंध एकत्र आले, तेव्हा आपल्याकडे एमओपीचं ५० किलोचं पोतं १७०० रुपयांच्या घरात गेलं होतं.

यावरचा एक उतारा मात्र साखर कारखान्यांच्याच आवारात तयार होतो. डिस्टिलरीत मळीपासून इथेनॉल काढलं की स्पेंटवॉश उरतो. तो ओढ्यात सोडला तर काय होतं, हे नदीकाठच्या गावांना वेगळं सांगायला नको. म्हणून तो आटवून बॉयलरमध्ये जाळतात. मागे जी राख राहते तिच्यात पोटॅश असतं, उसाने जमिनीतून उचललेलंच. या राखेपासून होणाऱ्या खताला पीडीएम म्हणतात. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने कारखान्यांनी ते खत कंपन्यांना कोणत्या दराने विकायचं ते ठरवून दिलं: टनाला ४२६३ रुपये. देशात अशी सुमारे ५ लाख टन राख विकली जाते आणि हे प्रमाण १० ते १२ लाख टनांपर्यंत जाऊ शकतं, असा तेव्हाचा सरकारी अंदाज होता.

हिशेबही सांगितला पाहिजे, नाहीतर हाही एक गैरसमज व्हायचा. एमओपीत ६० टक्के पोटॅश असतं, पीडीएममध्ये साडेचौदा टक्के. एमओपीच्या एका पोत्याची बरोबरी करायला पीडीएमची चार पोती लागतात. लांब न्यायचं म्हटलं तर गाडीभाडंच जास्त होतं. म्हणजे हे खत परवडणार ते कारखान्याच्या आसपास. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने सोलापूर जिल्ह्यात आहेत. या खताला यापेक्षा सोयीची जागा मला तरी सुचत नाही.

आता याच्या दुसऱ्या टोकाचा समज: ‘बॅटऱ्यांनी आमचं डीएपी पळवलं.’ लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीत फॉस्फेट लागतं हे खरं. पण जगातलं बहुतेक फॉस्फेट आजही खतालाच जातं. आपल्याकडे डीएपीची ओढाताण झाली तिचं एक मोठं कारण म्हणजे चीनने २०२१ पासून फॉस्फेट खतांच्या निर्यातीवर वेळोवेळी घातलेली बंधनं.

‘रेअर अर्थ म्हणजे दुर्मीळ माती, आणि ती फक्त चीनकडे.’ हे तर वर्तमानपत्रांनीच रुजवलं आहे. रेअर अर्थ हा मूलद्रव्यांचा गट आहे, आणि त्यातलं सिरियम पृथ्वीच्या कवचात जवळपास तांब्याइतकं आहे. अमेरिकी भूसर्वेक्षण संस्थेच्या आकडेवारीनुसार भारताकडे ६९ लाख टनांचा साठा आहे. चीन आणि ब्राझीलनंतर तिसरा. केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूतून मुंबईत मुख्यालय असलेली आयआरईएल ही सरकारी कंपनी ही द्रव्यं काढते आणि ती १९५० पासून आहे. मग अडतं कुठे? कापूस पिकला म्हणून चादर होत नाही. मध्ये सूतगिरणी लागते, डाइंग लागतं, माग लागतो. इथेही तसंच आहे. मूलद्रव्यं एकमेकांपासून वेगळी करणं, त्यांचा धातू करणं आणि धातूचं चुंबक करणं ही मधली कामं चीनने हातात घेतली. आज जगातली नव्वद टक्क्यांच्या आसपास अशी चुंबकं तिथे होतात.

४ एप्रिल २०२५ ला चीनने सात रेअर अर्थ आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. जुलैत बजाज ऑटोने इशारा दिला की ऑगस्टमध्ये इलेक्ट्रिक चेतकचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं. गाडीच्या किमतीत तिच्या मोटरमधल्या चुंबकांचा वाटा जेमतेम काही टक्के, पण तेवढ्यावर सगळी असेंब्ली लाइन थांबायची वेळ आली. यंत्रमागाच्या किंवा विहिरीवरच्या साध्या इंडक्शन मोटरला मात्र अशी चुंबकं लागत नाहीत, तिथे तांब्याची तार.

अर्थात तांबंही त्या ३० च्या यादीत आहे. आणि ‘मग आपणच कारखाने काढू’ म्हणणाऱ्यांनी तांब्याची गोष्ट आठवावी. स्टरलाइटचा तांबं शुद्ध करण्याचा कारखाना आधी रत्नागिरीत होणार होता. १९९३ मध्ये तिथे लोक रस्त्यावर उतरले आणि कारखाना तमिळनाडूत तुतिकोरिनला गेला. तिथे मे २०१८ मध्ये प्रदूषणाविरुद्धच्या आंदोलनावर गोळीबार झाला, १३ जण गेले, कारखाना बंद पडला. शुद्ध तांबं निर्यात करणारा भारत त्यानंतर आयातदार झाला. मधली कामं चीनकडे गेली त्यात स्वस्ताईइतकाच वाटा, ती घाण आपल्या दारात नको म्हणणाऱ्या बाकीच्या जगाचाही आहे. रत्नागिरीकर चुकले असं मी म्हणणार नाही. पण हा खर्च धरल्याशिवाय स्वावलंबनाची भाषा पोकळ आहे.

सौर पॅनेलमध्ये रेअर अर्थ असतात, असंही ऐकू येतं. नसतात. नेहमीच्या पॅनेलमध्ये सिलिकॉन, काच, ॲल्युमिनियम, तांबं आणि थोडी चांदी असते. जगात दरवर्षी खपणाऱ्या चांदीचा साधारण सहावा भाग आता पॅनेलमध्ये जातो. सराफ कट्ट्यावर चांदीच्या भावाची चर्चा करताना हेही धरायला हवं.

लिथियमबद्दल थोडक्यात. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मूतल्या रियासीत ५९ लाख टनांचा साठा जाहीर झाला आणि ‘आता चिंता मिटली’ असे मथळे आले. तो प्राथमिक अंदाज होता. लिलावाला पुरेसे बोलीदारही मिळाले नाहीत. आपल्या काळ्या बसाल्टमध्ये लिथियम सापडेल अशी आशा धरणाऱ्यांनी ती सोडावी. लिथियमची खनिजं मुख्यतः ग्रॅनाइटच्या कुळातल्या खडकांत मिळतात, जसं कर्नाटकात मंड्याजवळ.

राहिला शेवटचा आक्षेप: ‘तेलाऐवजी खनिजांचे गुलाम झालो, फरक काय पडला?’ फरक पडतो. सोलापूरजवळच्या फताटेवाडीच्या १३२० मेगावॅटच्या एनटीपीसी प्रकल्पाला रोज कोळसा लागतो. आज जाळलेला उद्या नसतो. पॅनेल एकदा बसलं की आयात थांबली तरी ते वीज देत राहतं, आणि बॅटरीतलं लिथियम-कोबाल्ट ती निकामी झाल्यावरही आतच असतं. म्हणून तर २०२५ च्या अर्थसंकल्पात लिथियम-आयन बॅटरीच्या भंगारावरचं सीमाशुल्क माफ झालं आणि सप्टेंबरमध्ये पुनर्वापरासाठी १५०० कोटींची योजना मंजूर झाली. तेव्हा मोबाइलची किंवा ई-स्कूटरची जुनी बॅटरी भंगारवाल्याच्या तराजूत टाकू नका. २०२२ च्या नियमांनुसार ती गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. उत्पादकाचं संकलन केंद्र कुठे आहे ते विक्रेत्याला विचारा.