कीबोर्डचं चाक आणि नाचणाऱ्यांचे पाय

मागच्या वेळी आलापावर बोललो, तेव्हा एकानं विचारलं होतं, "सर, अ‍ॅम्प्लिफायर लावून, इलेक्ट्रॉनिक्स घेऊन आयत्या वेळी घडवलेलं प्रयोगशील संगीत हे युरोप-अमेरिकेतलं. नंदुरबारात बसून आम्ही ते कुठे ऐकायचं?"

लग्नसराईत नवापूर-विसरवाडीकडे संध्याकाळी रस्त्यावर उभे राहा. टेम्पोवर स्पीकरची भिंत, मागे जनरेटर, एकदोन कीबोर्ड, ऑक्टोपॅड. पुढे हातात हात गुंफून रांगेनं नाचणारी माणसं. एकच चाल अर्धा-पाऊण तास सहज चालते. समोर कागद नाही, आणि शेवट कुठे हे कुणी ठरवलेलं नाही.

आता वाजवणाऱ्याचा डावा हात बघा. कीबोर्डच्या कडेला एक चाक असतं. ते फिरवलं की सूर वर-खाली सरकतो. पट्ट्या एका सप्तकात बाराच, पण भोपळा आणि बांबूपासून बनणाऱ्या आपल्या पावरीचे सूर त्या बारांच्या मधेही पडतात. चाक फिरवून तो त्या मधल्या जागा शोधत असतो. त्याचे डोळे मात्र पट्ट्यांवर नसतात, नाचणाऱ्यांच्या पायांवर असतात. पाय जड झाले की चाल काढून नुसता ठोका ठेवतो, रांग वळली की सूर परत आणतो. आयत्या वेळी रचणं म्हणजे मनाला येईल ते वाजवणं नव्हे. समोरच्याचं ऐकून पुढचा सूर ठरवणं, हे खरं काम.

आणि अ‍ॅम्प्लिफायर? तो फक्त आवाज मोठा करतो असं आपण धरून चालतो. 1960 साली जॉन केज यांनी 'कार्ट्रिज म्युझिक' रचलं. त्यात ग्रामोफोनच्या कार्ट्रिजमध्ये सुईऐवजी तारा, काड्या अशा लहानसहान वस्तू बसवून त्यांची खरखर स्पीकरमधून ऐकवली जाते. जे कानाला ऐकूच येत नव्हतं, ते वाद्य झालं. 1965 मध्ये लंडनला एएमएम हा गट सुरू झाला. त्यातल्या कीथ रो यांनी गिटार टेबलावर आडवी ठेवून तिच्यातून नाना आवाज काढले. माइकनं शिटी मारली की आपण धावत जाऊन आवाज कमी करतो. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होऊन बाहेर येतो, आणि हे चक्र वाढत जातं. ही मंडळी ते चक्र मुद्दाम राखून वाजवत.

हे सगळं फार लांबचं वाटत असेल तर अहमदाबाद घ्या. नंदुरबारहून ताप्तीच्या लाइननं सुरत, मग पुढे. 1969 साली तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर बसवून स्टुडिओ उभारला. गीता साराभाई, अतुल देसाई अशा संगीतकारांनी तिथे काम केलं. टेपा मग कित्येक वर्षं पडून राहिल्या. त्या काळी आपल्याकडे हे कुणाच्या गावीही नव्हतं.

"इलेक्ट्रॉनिक्समुळे पावरी मेली" असं लोक म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. पेनड्राइव्ह लावून बटण दाबलं, की तिथे ऐकणारं कुणी उरत नाही. पाय थकोत नाहीतर थांबोत, ठोका तोच. कीबोर्डवाला मात्र अजून ऐकतोय. वीज दोन्हीकडे आहे, मग फरक विजेचा कसा?

पण त्याचा कान टिकला पाहिजे. 85 डेसिबलला आठ तास हे कामाच्या ठिकाणचं प्रचलित प्रमाण. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे 100 ला जेमतेम पंधरा मिनिटं! स्पीकरच्या भिंतीजवळ रात्रभर उभ्या राहणाऱ्या पोराला हे कोण सांगतं? कान गेला की समोरच्याचं ऐकणंही गेलं. कानात बोळे घाला रे बाबांनो, यात कमीपणा नाही.

शेवटी, घरी करून बघण्यासारखं एक. बझरमध्ये पितळी पिझो चकती असते. तिला दोन तारा जोडून ती पावरीच्या भोपळ्याला चिकटवा आणि तारा छोट्या अ‍ॅम्प्लिफायरला द्या. आवाज अगदी बारीक ठेवा. सुरांबरोबर फुंक, बोटांची टकटक आणि भोपळ्याची थरथरही ऐकू येईल. ते कुणी मुद्दाम वाजवत नव्हतं, पण होतं. वाजवणाऱ्यालाच आधी ऐकवा, आणि मग तो काय करतो ते बघा.