जुने मैदान : डागडुजी की नवी बांधणी?

इटलीतील मिलान शहरी सॅन सिरो नावाचे फुटबॉलचे एक जगद्विख्यात स्टेडियम आहे. १९२६ साली ते खुले झाले. मिलान आणि इंटर हे त्या शहराचे दोन व्यावसायिक क्लब एकमेकांचे हाडवैरी. परंतु दोघांनीही वर्षानुवर्षे संसार थाटला तो याच एका छपराखाली. १९५५ मध्ये त्यावर प्रेक्षकांचा दुसरा मजला चढला आणि १९९० च्या विश्वचषकासाठी अकरा गोल मनोऱ्यांच्या आधाराने तिसरा. अशा या वास्तूची जमीन दोन्ही क्लबांना विकण्यास २०२५ च्या सप्टेंबरात तेथील नगरपालिकेने मंजुरी दिली. शेजारीच नवे स्टेडियम उभारायचे आणि जुन्याचा बहुतेक भाग पाडून टाकायचा, असा बेत आहे. त्यापूर्वी कित्येक वर्षे 'दुरुस्त करा' आणि 'नवे बांधा' असे दोन तट त्या शहरात पडले होते.

मिलानच्या या भांडणाशी बऱ्हाणपूरच्या मराठी घरांना काय देणेघेणे, अशी शंका वाचकांच्या मनात येईल. ज्या कुटुंबात आजोबांनी बांधलेला वाडा अजून उभा आहे, त्या कुटुंबाने तरी ही शंका घेऊ नये. एक भाऊ म्हणतो, तुळया बदला, कौले उतरवून पुन्हा घाला, अजून पन्नास वर्षे काढील. दुसरा म्हणतो, पाडून टाका, सिमेंटचा इमला उठवा. दोघांच्याही बोलण्यात तथ्य असते. आणि पुष्कळदा खरे कारण तुळईच्या वाळवीत नसून वाटणीत असते! गावोगावच्या स्टेडियमांचेही असेच आहे. म्हणून हा प्रश्न आपल्या ओळखीच्या गावांच्या आधारे पाहू. आपल्याकडे फुटबॉलपेक्षा क्रिकेटच्या मैदानांचा इतिहास दीर्घ असल्याने उदाहरणे अधिक तिकडचीच येतील, हे ओघाने आलेच.

वाटणीतून स्टेडियम कसे जन्मास येते, याचा उत्तम दाखला मुंबईत आहे. समुद्र हटवून मिळविलेल्या जमिनीवर क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने ब्रेबोर्न स्टेडियम बांधले व ते १९३७ च्या डिसेंबरात खुले झाले. मुंबईचे कसोटी सामने तेथेच होत. मैदान उत्तम, इमारत देखणी, कोठे तडा नाही की गळती नाही. पण मैदान क्लबाच्या मालकीचे आणि सामन्याचे यजमानपण मुंबईच्या क्रिकेट संघटनेकडे. संघटनेच्या वाट्याला जागा किती याव्यात, यावरून दोघांत बिनसले ते बिनसलेच. अखेर संघटनेचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी हाकेच्या अंतरावर दुसरे स्टेडियमच उभे केले. वास्तुविशारद शशी प्रभू यांच्या आराखड्यानुसार ते अवघ्या तेरा महिन्यांच्या सुमारास पुरे झाले आणि १९७५ च्या जानेवारीत वेस्ट इंडीजविरुद्धची कसोटी तेथे झाली. जुने मोडकळीला आले म्हणून नवे बांधले, असे येथे कोणीही म्हणू शकणार नाही. खुर्च्यांच्या हिशेबातून ते जन्मले.

त्याच वानखेडेवर पुढे वयाची पाळी आली. २०११ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना मुंबईला मिळाला, तेव्हा तिशी ओलांडलेल्या त्या वास्तूचे काय करायचे हा प्रश्न उभा राहिला. संघटनेने गावाबाहेर जाण्याऐवजी तेथेच राहून मोठी फेरबांधणी केली. जुने सज्जे पाडून नवे उठविले, वर हलके छप्पर ताणले, बाकांच्या जागी स्वतंत्र खुर्च्या आल्या. चर्चगेट स्थानकावरून पायी येण्याची सोय तशीच राहिली, आणि मुंबईच्या माणसाला हीच सोय सर्वांत मोलाची. परंतु याची किंमतही मोजावी लागली. पूर्वी पंचेचाळीस हजारांच्या घरात असलेली प्रेक्षकसंख्या तेहतीस हजारांच्या आसपास आली. दाटीवाटीने बाकावर बसून आरडाओरडा करणारा जो सामान्य रसिक, नेमक्या त्याच्याच जागा कमी झाल्या. ऐसपैस खुर्ची कोणाला नको असते? पण ती कोणाच्या वाट्याला येते आणि कोण दूरचित्रवाणीसमोर बसून राहतो, हेही पाहावे लागते.

आता नागपूरकडे वळू. १९५६ पर्यंत आपला निमाड जिल्हा जुन्या मध्यप्रांतात होता आणि नागपूर ही आपली राजधानी होती, हे घरातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. नागपूरचे विदर्भ क्रिकेट संघटनेचे मैदान सिव्हिल लाइन्स भागात, अगदी शहरात. २६ नोव्हेंबर १९९५ रोजी तेथे भारत आणि न्यूझीलंड यांचा एकदिवसीय सामना चालू असताना मध्यंतरात पूर्वेकडील सज्जाची भिंत कोसळली आणि खेळ पाहायला गेलेली माणसे घरी परतली नाहीत. स्टेडियमची दुरुस्ती हा सौंदर्याचा किंवा हौसेचा प्रश्न नाही, हे त्या दिवशी विदर्भाला कळले.

जगातील फुटबॉलनेही हीच किंमत दिली आहे. इंग्लंडातील ब्रॅडफर्ड येथे ११ मे १९८५ रोजी जुन्या लाकडी सज्जाला सामन्याच्या वेळी आग लागली आणि छप्पन माणसे मृत्युमुखी पडली. तो त्या हंगामाचा शेवटचा सामना होता. हंगाम संपताच तो सज्जा नव्याने बांधण्याचे काम सुरू व्हायचे होते. दुरुस्ती किती दिवस पुढे ढकलावी, या प्रश्नाला याहून कठोर उत्तर नाही. आपल्याकडे १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान व ईस्ट बंगाल यांच्या फुटबॉल सामन्यात दंगल होऊन चेंगराचेंगरीत सोळा जणांचा बळी गेला. तेथे दोष इमारतीपेक्षा गर्दीच्या व्यवस्थेचा अधिक होता. परंतु कोणते प्रेक्षक कोठे बसतील आणि कोणत्या दाराने बाहेर पडतील, ही व्यवस्थाही शेवटी इमारतच ठरवीत असते.

इमारत म्हातारी होते म्हणजे नेमके काय होते, हे थोडे समजून घेतले पाहिजे. स्टेडियमच्या पायऱ्या उघड्या असतात. बारा महिने ऊन-पाऊस झेलणाऱ्या दोन पायऱ्यांमधील सांध्यांतून पाणी आत मुरते व काँक्रिटच्या पोटातील लोखंडी सळईला गंज चढतो. गंजलेले लोखंड मूळच्यापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापते. ते आतून फुगते आणि वरचा थर फोडून बाहेर येते. खाली उभे राहून पाहिले तर पायऱ्यांच्या पोटाशी तांबूस ओघळ दिसतात. ते दिसू लागले की वरून गिलावा करून आणि रंग देऊन भागत नाही. दुर्दैवाने, पाहुणे यायचे असले की आपल्या नगरपालिका नेमके तेवढेच करतात. वास्तविक विशिष्ट हातोड्याचा ठोका देऊन त्याच्या उसळीवरून काँक्रिटचा कठीणपणा अजमावता येतो, ध्वनिलहरी सोडून आतील पोकळ्या कळतात, आणि शंका राहिलीच तर छोटा दंडगोल कापून प्रयोगशाळेत पाठविता येतो. ज्याला सर्वत्र 'स्ट्रक्चरल ऑडिट' म्हणतात ते हेच. ते झाल्यावाचून 'पाडा' म्हणणाराही अंधारात बोलतो आणि 'राखा' म्हणणाराही.

नागपूरने पुढे नवीन जागा पसंत केली. शहराबाहेर वर्धा रस्त्यावर जामठा येथे प्रशस्त स्टेडियम झाले आणि २००८ च्या नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीने त्याचा आरंभ झाला. सौरव गांगुलीची ती शेवटची कसोटी. आसने चांगली, वाहने उभी करायला जागा मोकळी, सारे काही आधुनिक. मात्र कसोटीच्या दिवसांत तेथील रिकाम्या खुर्च्या सर्वांच्या डोळ्यांत भरल्या. शाळा सुटल्यावर शेवटचा तासभर खेळ पाहायला धावत जाणारी मुले, दुपारच्या सुट्टीत डोकावणारे कचेरीतील कारकून हा कसोटीचा खरा प्रेक्षक; त्याला वर्धा रस्ता परवडत नाही. सुदैवाने संघटनेने शहरातील जुने मैदान मोडले नाही. तेथे देशांतर्गत सामने होत राहिले.

आपल्या मध्यप्रदेशात होळकरांचे इंदूर आणि शिंद्यांचे ग्वाल्हेर या दोन्ही मराठी संस्थानांच्या राजधान्यांनी हा प्रश्न आपापल्या परीने सोडविला. इंदूरचे नेहरू स्टेडियम नगरपालिकेचे. १९८३ पासून तेथे आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामने होऊ लागले. १९९७ च्या नाताळच्या दिवशी श्रीलंकेविरुद्धचा सामना खेळपट्टी धोकादायक ठरल्यामुळे तीन षटकांतच सोडून द्यावा लागला, ही नामुष्की त्याच्या नावावर आहे. आणि ३१ मार्च २००१ रोजी सचिन तेंडुलकरने एकदिवसीय सामन्यांतील दहा हजारावी धाव घेतली, ती याच मैदानात. मध्यप्रदेशच्या क्रिकेट संघटनेने मग शहरातच, उषाराजे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आपल्या मैदानावर नवे स्टेडियम उभारले. २००६ च्या एप्रिलमध्ये तेथे इंग्लंडविरुद्ध पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला आणि २०१० मध्ये त्याला होळकरांचे नाव मिळाले. नवे बांधले, परंतु गाव सोडले नाही. नेहरू स्टेडियममध्ये मात्र निवडणुकांची मतमोजणी होऊ लागली. लोकशाहीला जागा लागतेच. तरी ज्या ठिकाणी तेंडुलकरने बॅट उंचावली तेथे मतपेट्यांचे पहारे बसावेत, याचे थोडे वाईट वाटते.

ग्वाल्हेरच्या कॅप्टन रूपसिंग स्टेडियमला ध्यानचंद यांच्या धाकट्या बंधूंचे, म्हणजे हॉकीतील एका थोर खेळाडूचे नाव आहे. २४ फेब्रुवारी २०१० रोजी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध सचिनने पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यांतील पहिले द्विशतक झळकाविले ते तेथेच. योगायोग असा की, त्या मैदानावरील तो शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला. त्यानंतर चौदा वर्षांहून अधिक काळ ग्वाल्हेरला एकही आंतरराष्ट्रीय सामना लाभला नाही. ६ ऑक्टोबर २०२४ रोजी तो आला, पण शंकरपूर येथील माधवराव शिंदे यांच्या नावाच्या नव्या स्टेडियमवर. त्या चौदा वर्षांत जी मुले लहानाची मोठी झाली त्यांचा विचार केला तर, नवे पुरे होईपर्यंत जुने उपयोगात ठेवण्याइतकी डागडुजी करून घ्यावी, हे कोणालाही पटावे.

गोव्याचे उदाहरण अस्सल फुटबॉलचे. मडगावजवळ फातोर्डा येथील नेहरू स्टेडियम १९८९ चे. ते पाडले नाही, गावाबाहेर हलविले नाही. प्रसंग येईल तसतसे सुधारले. २०१७ च्या सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे सामने तेथे झाले, इंडियन सुपर लीगचे २०२२ व २०२३ चे अंतिम सामनेही तेथेच झाले, आणि एफसी गोवा हा व्यावसायिक क्लब त्याला आपले घर मानतो. मध्यम आकाराच्या गावाने डोळ्यांसमोर ठेवावे असे हे उदाहरण आहे. लंडनचे वेम्ब्ले नव्हे. १९२३ चे जुने वेम्ब्ले पाडून २००७ मध्ये नवे खुले झाले खरे, पण तेवढा पैसा असलेल्या देशाची नक्कल करण्यात अर्थ नाही.

आपल्या बऱ्हाणपूरला तर हे शिकवायलाच नको. १६१५ च्या सुमारास खानखानानच्या काळात सातपुड्याच्या पायथ्याचे झिरपते पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून शहरात आणणारा कुंडी भंडारा आपल्याकडे आहे. २०२२ साली बऱ्हाणपूर घरोघर नळाचे पाणी पोहोचलेला देशातील पहिला प्रमाणित जिल्हा ठरला. म्हणून कोणी त्या कुंड्या बुजविल्या नाहीत. उलट २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत त्यांचे नाव गेले. मात्र चुन्याचे थर साचून बोगदे अरुंद होत आहेत. नुसत्या अभिमानाने ते मोकळे होणार नाहीत.

माझे मत विचाराल तर क्रम असा असावा. आधी तपासणी, आणि तिचा निकाल गावासमोर मांडणे. धोका असलेला सज्जा त्याच दिवशी बंद करणे, मग कितीही मोठा सामना असो. त्यानंतर दारे, जिने व शौचालये यांवर खर्च. अनेक घरांतील स्त्रिया मैदानावर जात नाहीत त्याचे कारण खेळाची नावड नसून पाच-सहा तास बसण्याची कुचंबणा हे असते. छपरावरील रोषणाईपेक्षा हे काम स्वस्त आहे आणि निकडीचेही. सांगाडाच खचला असेल तर त्याच जागी नवे बांधावे. शहराबाहेर जाणे हा अगदी शेवटचा उपाय, आणि तो पत्करलाच तर जुन्या मैदानावर दुकानांचे गाळे निघणार नाहीत, याची लेखी हमी आधी घ्यावी. लंडनमध्ये आर्सेनल क्लबाने २००६ साली हायबरी सोडल्यावर त्याच्या सज्जांचे रूपांतर राहत्या सदनिकांत झाले. निदान दर्शनी भिंती तरी तेथे टिकल्या. आपल्याकडे भिंतीही राहणार नाहीत.

आणि ज्या ब्रेबोर्नवर १९७५ मध्ये मुंबईने पाठ फिरविली, त्याचे काय झाले? वानखेडेची फेरबांधणी चालू असताना, २००९ च्या डिसेंबरात, छत्तीस वर्षांनी तेथे पुन्हा कसोटी सामना झाला आणि वीरेंद्र सेहवागने श्रीलंकेविरुद्ध २९३ धावा काढल्या. २०२३ साली महिलांची प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा तिचा पहिला अंतिम सामना ब्रेबोर्नवरच खेळला गेला. २०२५ चाही तेथेच झाला, आणि दोन्ही वेळा मुंबईच्या मुलींनी दिल्लीला हरविले.