कूळ मिळते, व्रत घ्यावे लागते

आपल्या घरांत धर्म आणि संस्कृती हे शब्द आपण बहुधा एका दमात उच्चारतो. ते वेगळे करून पाहणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाची ओळख येथे करून देतो.

बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ती धर्मातील दीक्षासंस्कार. पाचशे वर्षांपूर्वी युरोपात तो तान्ह्या बाळावरच होई. ज्याला काही कळत नाही, त्याची श्रद्धा ती कसली, असा प्रश्न झ्युरिकच्या काही तरुणांनी विचारला. २१ जानेवारी १५२५ रोजी कॉनराड ग्रेबेल याने जॉर्ज ब्लाउरॉक या प्रौढ गृहस्थास बाप्तिस्मा दिला. विरोधकांनी या मंडळींना ‘अ‍ॅनाबाप्टिस्ट’, म्हणजे पुन्हा बाप्तिस्मा घेणारे, असे नाव ठेवले. जानेवारी १५२७ मध्ये त्यांच्यातील फेलिक्स मांझ याला लिमाट नदीत बुडवून मारण्यात आले.

मेनो सायमन्स याच्या अनुयायांनी, म्हणजे मेनोनाइटांनी, शस्त्र न उचलण्याचा नेम धरला. १५६९ मध्ये हॉलंडात डिर्क विलेम्स पळत असता त्याचा पाठलाग करणारा बर्फ फुटून पाण्यात पडला. डिर्कने मागे फिरून त्याला वाचवले. स्वतः पकडला गेला आणि जिवंत जाळला गेला. अहिंसेला पहिले व्रत मानणाऱ्या जैन घरातील मला ही गोष्ट परकी वाटत नाही.

पुढचे वळण मात्र विचारात पाडणारे आहे. १६९३ मध्ये याकोब आमान याच्या अनुयायांची वेगळी शाखा निघाली, ती आमिश. अमेरिकेत त्यांची घोडागाडी, साधा पोशाख आणि घरातली जर्मन बोली आजही टिकून आहे. तेथेही बाप्तिस्मा जाणत्या वयातच होतो. पण तो घेऊन नंतर पंथ सोडणाऱ्यावर बहिष्कार पडतो आणि सगळे गणगोत त्याच गावात असते. अशा वेळी निवड कितपत मोकळी राहते? रूढीविरुद्ध उठलेल्यांचीही रूढी होते, ती अशी.

उलट उदाहरण आपल्या जुन्या मध्यप्रदेशातले आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात अमेरिकेतील मेनोनाइटांनी भारतात मदत पाठवली. १८९९ मध्ये त्यांचे मिशनरी धमतरीस आले. तेव्हा तो मुलूख नागपूरहून चालणाऱ्या मध्यप्रांतात होता, आज छत्तीसगडात आहे. १९१० पासूनचे तेथील ख्रिश्चन हॉस्पिटल अजून चालू आहे. तेथील मेनोनाइट ना घोडागाडी जपतात, ना जर्मन बोलतात. साडी नेसतात, हिंदीत प्रार्थना करतात. तरी ते मेनोनाइटच. आज जगातले बहुसंख्य अ‍ॅनाबाप्टिस्ट आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेत आहेत.

यातून आपण काय घ्यावे? जैन कूळ जन्माने मिळते, पण अणुव्रत स्वतः घ्यावे लागते. राजेंद्र नगरातील आपल्या घरांतही गुढी, गणपती, पुरणपोळी हे सारे मुलांना आयते मिळते, आणि ते मिळायलाच हवे. संस्कृतीशिवाय श्रद्धेला घर नसते. परंतु हीच मुले उद्या पुण्याला, बेंगळुरूला किंवा परदेशी गेली, की सोबत किती सामान नेतील हे आपल्या हाती नाही. ‘आपण हे का करतो?’ असे ती विचारतात, तेव्हा ‘आपल्यात असेच असते’ एवढ्यावर त्यांना गप्प बसवू नका. आपल्याला ठाऊक असलेले कारण सांगा आणि निवड त्यांच्यावर सोपवा. एखादी गोष्ट ती नाकारतील, तेव्हा घराचे दार मात्र उघडे ठेवा. समजून घेतलेले व्रतच परगावी टिकते.